सांगली-मिरज रोडवरची बिनबोर्डाची नर्सरी आणि आमचं हरिपूरचं परस

सांगलीजवळ हरिपूरला आमचं जुनं घर आहे. २०१९ च्या पुरात पाणी शिरलं तेव्हा आईला विश्रामबागला आमच्याकडे आणलं, २०२१ ला परत पाणी आलं, आणि मग त्या परसाकडं कुणी बघेनाच झालं. वर गाळाचा थर, त्यावर कमरेएवढं गाजर गवत, खाली लव्हाळा. गेल्या वर्षी आई म्हणाली मला माझ्या घरी जायचंय, पण आधी ते रान काढा.

एका बाग करून देणाऱ्याला बोलावलं तर त्यानं लॉन, पेव्हर ब्लॉक, कारंजं असं सगळं धरून ३५ हजार सांगितले. लव्हाळ्यावर लॉन! त्याच्या गाठी जमिनीत राहिल्या की महिन्यात परत वर येतो, हे त्याला माहीत नसेल का?

मग वहिनीनं ही नर्सरी सांगितली. बोर्ड नाही, गेटपाशी निळ्या पिंपावर पेंटनं ‘रोपे मिळतील’ एवढंच लिहिलंय. नर्सरीवाल्या काकांनी आधी रोप दाखवलंच नाही, ऊन किती वेळ येतं, माती कसली, मोरीचं पाणी कुठं जातं, पाणी घालणार कोण, हेच विचारत बसले. मी गुलाब मागत होते तर म्हणाले, “ताई, आई एकट्या राहणार, फवारणी कोण करणार? जास्वंद न्या, पूजेलाही होतील.” गिऱ्हाईक ३०० चं रोप मागतंय आणि हा माणूस ६० चं देतोय, मला तिथंच विश्वास बसला. कण्हेर पण मी उचलली होती, ती विषारी असते, नातवंडं येत असतील तर नको म्हणून स्वतः बाजूला ठेवली. एका तगरीची पिशवी हातावर उलटी करून मुळं दाखवली, पांढरी आणि सुटी होती. गोल गुंडाळलेली, काळी पडलेली मुळं असली तर रोप घ्यायचं नाही म्हणाले.

हिशोब सांगते. जास्वंदी ३, तगरी ४, बोगनवेल २, सदाफुली १०, सगळी मिळून ६९०. शेणखत दोन पोती २००, टेम्पो २००, गवत काढायला दोन बायका एक दिवस ६००. एकूण १६९०. कर्दळीचे कंद काकांनी फुकट दिले, मोरीच्या पाण्यावर लावा म्हणाले, आता तिथं भिंत दिसत नाही एवढी माजलीय. कोरफड आणि गवती चहा मावशीकडनं आणला.

त्यांनी सांगितलेलं अजून एक फार कामाला आलं. गाजर गवत फुलावर यायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. मग जमिनीवर जुने पुठ्ठे आणि त्यावर उसाचं पाचट वीतभर पसरायचं. पाचट आम्हाला चुलत्यांच्या शेतातनं फुकट मिळालं, आपल्याकडं ते पेटवूनच देतात बहुतेक जण, बघून जीव तुटतो. फक्त घराच्या भिंतीपासून लांब ठेवा, वाळवी लागते. आमची काळी माती पावसात पाणी धरून बसते म्हणून रोपं खड्ड्यात न लावता जरा उंचवट्यावर लावली, जूनचा पहिला पाऊस झाल्यावर. लव्हाळा अजून मधनं मधनं डोकं काढतो, पण पूर्वीच्या मानानं काहीच नाही.

तक्रार एकच. एका जास्वंदीवर पिठ्या ढेकूण निघाला, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस चिकटल्यासारखा, आठवड्यात शेजारच्या जास्वंदीवर पण गेला. गाडीत ठेवताना मीही नीट बघितलं नाही, पण त्यांनी आधी बघायला हवं होतं. फोटो दाखवल्यावर दुसरं रोप दिलं, कटकट नाही केली, आणि उरलेल्या झाडाला निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी मारायला सांगितलं, तीन वेळा मारल्यावर गेलं.

या एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला गेला तरी जास्वंदींना आठवड्यातनं दोनदाच पाणी होतं, बोगनवेलीला तर त्याहून कमी, ती तहानलेली असली की जास्त फुलते. एकही रोप गेलं नाही. आई मार्चपासून हरिपूरलाच आहे.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारी काका जेवायला जातात आणि पोराला फार माहिती नाही. रोपांच्या रिकाम्या पिशव्या न फाडता काढल्या असतील तर परत घेतात, घेऊन जा.