पहिल्या दिवसापासून नोकरी: ‘डे वन सीपीटी’ अभ्यासक्रमांचं परीक्षण

‘शिकता शिकता कमवा’ म्हणणारे एजंट ‘वर्क-स्टडी’ हा शब्द फार सैल वापरतात. अमेरिकेत फेडरल वर्क-स्टडी ही सरकारी आर्थिक मदतीची योजना आहे आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला ती मिळतच नाही. त्याच्या वाट्याला मुख्यतः तीन गोष्टी येतात. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवरचं काम, अभ्यासक्रमाचाच भाग असलेलं बाहेरचं काम म्हणजे सीपीटी, आणि बहुतेक जण शिक्षण संपल्यावर वापरतात ती ओपीटी, म्हणजे आपल्या विषयातलं काम करण्याची १२ महिन्यांची परवानगी. जाहिराती होतात त्या मधल्या गोष्टीच्या, म्हणून परीक्षणही तिचंच.

सीपीटीचा मूळ नियम असा की आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकायचं, मग काम. पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या सत्रापासूनच काम सक्तीचं असेल, तर ही वर्षाची अट सुटते. ‘डे वन सीपीटी’चा सगळा बाजार या एका अपवादावर उभा आहे. अपवाद नियमातलाच असल्यामुळे असा प्रत्येक अभ्यासक्रम बनावट ठरत नाही. पण तो खरोखर लागू होतो की ओढूनताणून बसवलाय, हे संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरून कळत नाही. त्यासाठी विद्यापीठाचा कॅटलॉग, म्हणजे अभ्यासक्रमांची अधिकृत पुस्तिका, उघडावी लागते.

कॅटलॉगमधलं पदवीच्या अटींचं पान काढा. इंटर्नशिप किंवा प्रॅक्टिकमला (प्रत्यक्ष कामाच्या विषयाला) कोर्स क्रमांक आहे का, क्रेडिट किती आणि तो सगळ्यांना सक्तीचा आहे का, ते बघा. स्थानिक विद्यार्थ्याला हा विषय न घेता पदवी मिळते आणि परदेशी विद्यार्थ्याला मात्र तो दर सत्राला घ्यावा लागतो, असं दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही. मग मागच्या दोन-तीन वर्षांचे कॅटलॉग शोधा. आधी नसलेला प्रॅक्टिकम एमबीएत अचानक उगवला असेल, तर तो कुणासाठी उगवला हे वेगळं सांगायला नको. विषयाचं वर्णनही नीट वाचावं: मार्गदर्शक प्राध्यापक कोण, अहवाल किती, गुण कशाला. आपल्या नोकरीबद्दल एक पान खरडून क्रेडिट पदरात पडत असेल, तर हे काम अभ्यासाचा अविभाज्य भाग होतं हे पुढे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

मान्यतेसाठी दोन सरकारी याद्या तपासायच्या. ‘स्टडी इन द स्टेट्स’ या संकेतस्थळावर संस्थेला आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा दाखला, देण्याचा अधिकार आहे का ते कळतं. तिथे नावाबरोबर कॅम्पसही जुळायला हवा. अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘डॅपिप’ यादीत मान्यता कुणी दिली ते दिसतं. ‘अर्ज केला आहे’ किंवा ‘सदस्य आहोत’ म्हणजे मान्यता नव्हे. मान्यता देणाऱ्या संस्थेचीही चौकशी करावी, कारण एसीआयसीएस या संस्थेची सरकारी ओळखच २०२२ मध्ये काढून घेतली गेली.

याद्या बघाव्याच, पण त्यांच्यावर विसंबू नये. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ सरकारी यादीत होतं, त्याचं संकेतस्थळ होतं, फीही घेतली जात होती. प्राध्यापक मात्र एकही नव्हता. तो इमिग्रेशनच्या तपास अधिकाऱ्यांनी लावलेला सापळा होता, हे जानेवारी २०१९ मध्ये उघड झालं. त्याआधी न्यू जर्सीतला तसाच सापळा २०१६ मध्ये मिटवला गेला. कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली विद्यापीठ ही खरीखुरी फसवणूक होती. तिथे २०११ मध्ये धाड पडली आणि चालवणाऱ्या बाईंना पुढे १६ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. या तिन्ही ठिकाणी कामाचे कागद मिळत होते आणि वर्गात बसायची गरज कुणालाच नव्हती.

म्हणून वेळापत्रक मागा. कोणत्या खोलीत, कोणत्या वारी, सत्रात किती वेळा प्रत्यक्ष हजर राहायचं, हे लेखी घ्या. एफ-१ विद्यार्थ्याला पूर्णवेळ शिक्षणात एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय, म्हणजे ३ क्रेडिटच धरता येतात. ‘एकदा येऊन सही करून जा’ हे उत्तर ज्या ऑफिसकडून मिळतं, त्याला हा नियम माहीत नाही असं समजू नका. त्याला तो चांगला माहीत असतो.

या सगळ्याचा फटका लगेच बसत नाही, ही यातली खरी मेख. तो बसतो कंपनी एच-१बी या कामाच्या व्हिसाचा अर्ज करते तेव्हा. अधिकारी विचारतो, या काळात तुम्ही खरंच विद्यार्थी होतात का? मग हजेरी, सिलॅबस, गृहपाठ, फीच्या पावत्या, कॅम्पसला गेल्याची तिकिटं, हॉटेलची बिलं आणि आजवरच्या सगळ्या आय-२० पुढे ठेवाव्या लागतात. नोकरी एका टोकाला आणि कॅम्पस चार तासांच्या विमानप्रवासावर असेल, तर तिकिटं नसणं हाच पुरावा होतो. कंपनीचा अर्ज मंजूर होऊनही देशात राहून स्टेटस (विद्यार्थ्याचं कामगाराचं) बदलायला नकार मिळू शकतो. मग बाहेर जाऊन व्हिसा घ्यायचा, आणि वकिलातीत तेच प्रश्न पुन्हा.

दुसरा खड्डा दिवस मोजण्याचा. एकाच पदवी-पातळीवर पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पातळीची ओपीटी गेली. तुकड्यातुकड्यांत केलेले दिवसही बेरजेत धरले जातात. आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी काम या मोजणीत येत नाही. पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ काम करणाऱ्याची ओपीटी दुसऱ्या वर्षी संपलेली असते, आणि विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर पुढची २४ महिन्यांची मुदतवाढही तिच्याबरोबर जाते. माहितीपत्रकात हे वाक्य असतं, फक्त ते शोधावं लागतं.

परवानगीचा क्रम सोपा आहे. कंपनीचं ऑफर लेटर, त्यात कामाचं स्वरूप, पत्ता, तास आणि तारखा. मग विभागाची संमती, त्या विषयाची नोंदणी, आणि शेवटी डीएसओ, म्हणजे विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी, सेव्हिस या सरकारी नोंदप्रणालीत नोंद करून नवीन आय-२० देतो. तिचं दुसरं पान उघडून बघायचं: कंपनीचं नाव, पूर्णवेळ की अर्धवेळ, सुरुवात, शेवट. सुरुवातीच्या तारखेच्या एक दिवस आधी केलेलं कामही बेकायदा. कंपनी बदलली की पुन्हा नवी नोंद. कंपनीचं नाव न घेता ‘परवानगी काढून ठेवू’ म्हणणाऱ्या ऑफिसपासून चार हात लांब राहावं.

तुलनेला जुने को-ऑप अभ्यासक्रम घ्या, म्हणजे वर्ग आणि नोकरीची सत्रं आलटून पालटून असलेले. अमेरिकेतली विद्यापीठं नॉर्थईस्टर्न १९०९ पासून, ड्रेक्सेल १९१९ पासून आणि कॅनडातलं वॉटर्लू १९५७ पासून हे चालवतंय. तिथे कामाची सत्रं सगळ्यांच्याच वेळापत्रकात असतात. नोकरीची हमी मात्र कुणी देत नाही. मुलाखती द्याव्या लागतात आणि नकारही पचवावे लागतात. जर्मनीतल्या डीएचबीडब्ल्यू विद्यापीठाचा क्रम तर उलटाच. आधी भागीदार कंपनीशी करार, मग प्रवेश; साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, आणि पगार तिन्ही वर्षं. जर्मन मात्र चांगली यायला हवी, आणि करार मिळवण्यातच बरेच जण गळतात.

आमचा कौल: पहिल्यांदाच परदेशी शिकायला निघालेल्याने डे वन सीपीटी घेऊ नये. लांबलेल्या को-ऑपचं एक वर्ष परवडतं, गेलेली ओपीटी परवडत नाही. आधी एक मास्टर्स आणि ओपीटी झालेल्या, एच-१बीच्या सोडतीत नाव न लागलेल्या माणसाला याचा उपयोग आहे, पण कॅम्पस गाडीने गाठता येईल इतका जवळ असेल, वर्ग खरंच भरत असतील आणि नवा विषय आधीच्या पदवीला धरून असेल तरच. अनामत भरण्याआधी विद्यापीठाला थेट ईमेल करून एवढंच विचारा: नोकरी मिळालीच नाही तर या सक्तीच्या विषयाचं काय होतं? खऱ्या विभागाकडे याचं ठरलेलं उत्तर असतं, पर्यायी प्रकल्प किंवा पुढच्या सत्रात पुन्हा नोंदणी. ‘मिळेल हो, आमच्या कंपन्या आहेत’ असं उत्तर आलं तर अनामत खिशातच राहू द्या.