शातो दिकेम २००७ : एक अर्धी बाटली आणि पाच संध्याकाळी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आता बाटली संपलीय आणि वहीतल्या नोंदी समोर आहेत तर लिहूनच टाकते. शातो दिकेम. फ्रेंचमध्ये नाव लिहितात एक आणि म्हणतात भलतंच, म्हणून आधी सांगते, घराचं (म्हणजे बाग असलेल्या आणि वाईन बनवणाऱ्या मळ्याचं) नाव घ्यायचं तर 'शातो दिकेम' आणि नुसतं वाईनबद्दल बोलायचं तर 'इकेम'. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या सोतेर्न या भागातली गोड व्हाइट वाईन, १८५५ मध्ये बोर्दोच्या वाईन्सची जी प्रतवारी लागली त्यात 'प्रमिए क्रू सुपेरिअर' हा वरचा मान सोतेर्नमधल्या या एकाच घराला मिळाला, दुसऱ्या कुणालाच नाही. आम्ही दोघं बोर्दोत राहायला आलो त्याला सहा वर्षं झाली, सोतेर्न इथून चाळीसेक किलोमीटर, गाडीने तासाच्या आत, आणि तरी ही बाटली उघडायला सहा वर्षं गेली. कारण सरळ आहे, किंमत. ३७५ मिलीची अर्धी बाटली दोनशे युरोच्या वर गेली. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून घेतली, नाहीतर अजूनही घेतली नसती.

२००७ सालच्या द्राक्षांचीच का, तर दुकानदाराने सांगितलं म्हणून, आणि नंतर वाचल्यावर पटलंही. त्या वर्षी बोर्दोत उन्हाळा ढगाळ आणि ओला गेला, रेड वाईन्स बेताच्याच झाल्या, पण सप्टेंबरात आभाळ मोकळं झालं आणि सोतेर्नला हवी तशी लांब कोरडी शरद मिळाली. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकाच साली एकाचं नुकसान आणि दुसऱ्याची चांदी. त्यामुळे सोतेर्न घेताना 'बोर्दोचं चांगलं वर्ष' बघून घेऊ नका, त्याचा हिशोब वेगळा असतो.

पहिली संध्याकाळ. लेबल एकदम साधं, पांढरट कागद, वर मुकुट, नाव, साल, बास. रंग मात्र ग्लासात ओतल्यावर बघत बसावा असा, जुन्या सोन्याचा, कडेला थोडा तांबूस. ताजी असताना ही वाईन फिकट पिवळी असते, मग वर्षानुवर्षं सोनेरी, मग मधाळ, आणि फारच जुनी झाली की लाकडासारखी तपकिरी होत जाते, आमची बरोबर मध्यावर होती. मी ती फ्रीजमधून काढली आणि लगेच ओतली, तिथे चुकलं. नाकाला काहीच लागेना. जिभेला थंडगार, गोड, छान, पण दोनशे युरोचं त्यात काय ते कळेना, नवरा काही बोलला नाही पण त्याचा चेहरा बघून मला कळलं. मग ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो आणि वीसेक मिनिटांनी जे काही वर यायला लागलं ते मी आजपर्यंत कुठल्याच वाईनमध्ये अनुभवलं नव्हतं. आधी सुकलेला जरदाळू, मग संत्र्याच्या सालीचा मुरंबा, मग केशर, आणि या सगळ्याच्या मागे एक ओळखीचा वास जो मला काही केल्या सापडेना. मी तीनदा ग्लास खाली ठेवला आणि तीनदा उचलला. मग एकदम डोक्यात आलं, मेथी! कढईत मेथीदाणे मंद आचेवर भाजत असताना एक क्षण असा येतो की कडवटपणा अजून आलेला नसतो आणि नुसता गोडसर, जळक्या साखरेसारखा वास सुटतो, तो वास. मला वाटलं आपलंच नाक घरी पळतंय, पण नंतर शोधलं तर हे अगदी शास्त्रशुद्ध निघालं. सोटोलॉन नावाचं एक द्रव्य आहे, मेथीला मेथीचा वास देणारं तेच, आणि मुरलेल्या सोतेर्नमध्येही तेच सापडतं. इंग्रजी-फ्रेंच वर्णनांत याला करी म्हणतात, कॅरमेल म्हणतात, आपल्याला एका शब्दात कळतं.

आता चवीचं. लोक गोड वाईन म्हटल्यावर नाक मुरडतात, मीही मुरडायचे, कारण बऱ्याच गोड वाईन्स सरबतासारख्या जिभेवर बसतात आणि दुसरा घोट नकोसा होतो. इकेममध्ये लिटरला साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर असते, म्हणजे कमी नाहीच, भरपूर आहे, आणि तरी घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं आणि पाणी सुटतं, कैरीची फोड नुसती बघून सुटतं ना तसं. हे सगळं आंबटपणाचं काम. गोडी पुढे येते, भरते, जिभेवर तुपासारखी पसरते आणि बरोबर जिथे ती जड व्हायला लागेल तिथे आंबटपणा तिला उचलून घेतो. आणि मग संपतच नाही. मी घड्याळ लावून बघितलं, गिळल्यानंतर मिनिटभराच्या वर चव तोंडात होती, आणि नुसती रेंगाळत नव्हती, बदलत होती, जरदाळू गेला, संत्र्याची साल राहिली, ती गेली, शेवटी किंचित कडवट बदाम. माझ्या मते याच्यासाठी पैसे आहेत, त्या गोडीसाठी नाहीत.

ही गोडी आणि आंबटपणा एकत्र येतात कसे हे कळायला मागच्या ऑक्टोबरात सोतेर्नला गेलो होतो तेव्हाचं आठवावं लागतं. सकाळी साडेसातला धुकं इतकं होतं की रस्त्याच्या कडेच्या वेली दिसत नव्हत्या. सिरों नावाची छोटी नदी आहे, झाडीतून वाहत येते म्हणून पाणी गार, ती गारोन नदीला मिळते जिचं पाणी तिच्याहून कोमट, आणि शरदात तिथून धुकं उठून बागांवर पसरतं. दुपारी ऊन पडून सगळं वाळतं. रात्री ओल, दुपारी ऊन, हे आठवडेच्या आठवडे चाललं की द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची राखाडी बुरशी धरते. बुरशी तीच, जी इतर कुठल्याही बागेत धरली तर शेतकरी डोक्याला हात लावेल. इथे मात्र ती पिकलेल्या मण्याच्या सालीला बारीक बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आंबटपणा, वास सगळं आटून घट्ट होतं. आटवलेल्या दुधासारखं, फक्त चूल नाही.

इकेम भेटीला खुलं असतं पण आधी बुकिंग लागतं. दाखवणाऱ्या ताईंनी एक घड हातात धरून दाखवला. एकाच घडात चार प्रकारचे मणी. काही टपोरे सोनेरी, अजून काहीच न झालेले. काहींवर तपकिरी ठिपके. काही पूर्ण जांभळट-तपकिरी पण अजून फुगलेले. आणि काही मनुक्यासारखे सुरकुतलेले, वर राखेसारखी बारीक लव, या शेवटच्या अवस्थेला ते 'रोती' म्हणतात, भाजलेलं. तोडायचे फक्त हे. त्यांनी एक मणी खायला दिला, दिसायला टाकून द्यावा असा, आणि आत जॅमसारखा गर, दात लागताच आधी साखर आणि लगेच आंबट. बाटलीतली चव त्या एका मण्यात होतीच.

आमच्या शेजारच्या मादाम आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्या तरुणपणी तीन सीझन सोतेर्नला तोडणीला जायच्या (इकेमला नाही, दुसऱ्या घरी). दुसऱ्या संध्याकाळी त्यांना बोलावलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही घड बघता, आम्ही मणी बघायचो." छोटी टोकदार कात्री, मण्यामण्याची निवड, बोटं इतकी चिकट की कात्री उघडेना, आणि गांधीलमाश्या. एकाच वेलीकडे पाच-सहा वेळा परत यायचं, आज हे चार मणी तयार, दहा दिवसांनी ते सहा. इकेमला या फेऱ्यांसाठी दीडशेच्या वर माणसं लागतात आणि सगळं करून एका वेलीतून एक ग्लास वाईन निघते. साध्या वाईनला एका वेलीतून बाटलीभर तरी निघते. आणि रस काढायला घाण्यात घालतानाही इथे उलटंच आहे, नेहमी पहिल्या दाबाचा रस उत्तम मानतात, इथे शेवटच्या दाबाला जो रस चोथ्यातून निघतो तो सगळ्यात गोड. मग नव्या ओकच्या पिंपांत आंबवायचं, साधारण साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल झालं की यीस्ट दमतं आणि उरलेली साखर तशीच राहते, वरून टाकलेली नसते. पुढे पिंपातच दोन-अडीच वर्षं. द्राक्षं दोनच, सेमियों जवळपास तीन चतुर्थांश आणि बाकी सोविन्यों ब्लां.

एवढं करूनही मनासारखं झालं नाही तर त्या वर्षी इकेम निघतच नाही. १९७२, १९७४, १९९२, २०१२, ही त्यातली काही वर्षं. पूर्ण वर्षाचा खर्च, पूर्ण वर्षाची मेहनत, आणि इकेमची बाटली शून्य. मला या घराबद्दल आदर वाटतो तो इथे. किंमत जास्त आहे हे खरंच, आणि त्यात नावाचाही भाग आहे, आता मालकी एका मोठ्या लक्झरी कंपनीकडे आहे आणि ते जाणवतं, पण नावामागे हा नकार देण्याचा हिशोब आहे हे विसरून चालणार नाही. जुना इतिहास सांगायला बसले तर वेगळं लिहावं लागेल, फक्त एका बाईंबद्दल सांगते, फ्रान्स्वाझ जोसेफिन. १७८५ मध्ये इकेमच्या या मुलीचं ल्यूर-साल्यूस घराण्यात लग्न झालं, तीन वर्षांत नवरा गेला, पुढे फ्रेंच राज्यक्रांती, तुरुंगवास, आणि त्यातून बाहेर येऊन तिने ही बाग चालवली, १८२६ मध्ये वाईन ठेवायचं कोठार बांधलं. इकेम म्हटलं की थॉमस जेफर्सनने (पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या) इथून वाईन मागवली होती ही गोष्ट सगळे सांगतात, हिचं नाव फारसं निघत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी खाण्याबरोबर. मादामनी जरदाळूचा टार्ट आणला होता, इतका सुंदर टार्ट, आणि त्याच्याबरोबर वाईन अक्षरशः मेली. पातळ आणि आंबट लागायला लागली. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की असंच होतं, म्हणून 'डेझर्ट वाईन' या नावाला फसू नका, डेझर्टच्या जागी प्या, डेझर्टबरोबर नको. मग टार्ट बाजूला ठेवून रॉकफोर चीज काढलं, खारट, तिखटसर, निळ्या बुरशीचं, आणि दोन्हींचं रूप पालटलं, चीजचा खारटपणा गोडीत विरघळला आणि वाईनमधलं केशर पुढे आलं. फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं चरबीदार यकृत) बरोबर देण्याची इथे रीत आहे, मी एका रेस्टॉरंटमध्ये दुसऱ्या सोतेर्नबरोबर खाऊन बघितलंय, मला दोन्ही जड, दोन्ही मऊ, काही पकड मिळत नाही. त्यापेक्षा चौथ्या दिवशी नुसती भाजलेली कोंबडी केली, कातडी कुरकुरीत, वर मीठ, बाकी काही नाही. हे इथले लोक सांगतात तेव्हा विश्वास बसत नाही, करून बघा. चीजइतकंच आवडलं, कदाचित थोडं जास्तच.

एवढे दिवस टिकली कशी असं विचाराल तर साखर आणि आंबटपणामुळे ही वाईन उघडल्यावर लगेच उतरत नाही, बूच परत लावून फ्रीजमध्ये उभी ठेवायची. उलट आमची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त खुलली. पाचव्या दिवशी मात्र वासाची धार थोडी गेली होती आणि मध-बदाम तेवढे उरले होते. ओतायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, साधारण ११-१२ डिग्रीला येऊ द्या, पहिल्या दिवशीची माझी चूक करू नका. ग्लास नेहमीचा व्हाइट वाईनचाच घ्या, ते लिक्युअरचे इवलेसे ग्लास नकोत, त्यात वास फिरायला जागाच नसते. आणि एका वेळी थोडीच पुरे, त्याहून जास्त घेतलं तर जीभ थकते.

घ्यावी का? ज्याने सोतेर्न कधीच घेतली नाही त्याने पहिली इकेम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, तुलनेला काही नसेल तर यात वेगळं काय ते कळत नाही. आधी स्युदिरो, रिएसेक किंवा गिरो या सोतेर्नच्याच दुसऱ्या घरांपैकी एखाद्याची घ्या, खूप कमी पैशात येतात आणि तीच बुरशी, तेच धुकं, तीच मेहनत आहे. गोडी झेपत नसेल तर शेजारच्या बारसाकच्या वाईन बघा, तिथे जमिनीत चुनखडी आहे आणि वाईन जरा हलकी, चपळ लागते. आणि साल दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं मिळालं तर तेच घ्या, ताज्या सोतेर्नमध्ये ओक आणि साखर वेगवेगळे लागतात, मुरायला वेळ लागतो. अर्ध्या बाटल्या लवकर मुरतात, हाही एक फायदा.

आम्ही आता क्लिमांसची अर्धी बाटली बघून ठेवलीय, बारसाकचीच. कोंबडी तीच करणार आहे आणि मादामना या वेळी टार्ट आणू नका म्हणून आधीच सांगितलंय.