टेक्सासमध्ये हरणाची शिकार: जमीन लीजवर घ्यावी की गाईड बुक करावा? वर्षभराच्या वापरानंतर

ऑस्टिनहून दीड तासावर लॅनो काउंटीत आम्ही चौघांनी मिळून तीनशे एकर जमीन शिकारीसाठी लीजवर घेतली, त्याला आता वर्ष होत आलं. त्याआधी मी गाईडबरोबरच शिकारीला जात होतो. इथल्या मराठी मंडळींत आता बरेच जण या वाटेला लागलेत आणि 'लीज घेऊ की गाईड?' हा प्रश्न सारखा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हा प्रश्न पडतो याचं कारण टेक्सासची जमीन. राज्यातली सुमारे 95 टक्के जमीन खाजगी आहे. सरकारी जमिनीवर 48 डॉलरच्या वार्षिक परवान्यात शिकार करता येते, पण जागा मोजक्या आणि गर्दी फार. त्यामुळे कोणाच्या तरी रँचवर पैसे मोजूनच जावं लागतं. कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो: राज्यात राहणाऱ्याला शिकारीचा साधा परवाना 25 डॉलरला मिळतो आणि हरणाचे टॅग (मारलेल्या हरणाला लावायच्या चिठ्ठ्या) त्यातच येतात. 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. एच-वन-बीवर असलेल्यांनी विशेष लक्ष द्या. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद आहे. परवाना हातात येईपर्यंत मित्राची बंदूकसुद्धा हातात घेऊ नका.

गाईडबद्दल माझं मत फार चांगलं आहे. पहिल्याच दिवशी त्याने मला शंभर यार्डांवर कागदी निशाणावर गोळ्या झाडायला लावल्या आणि समाधान झाल्यावरच ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोपटात, नेलं. समोर हरीण आलं तेव्हा दुर्बिणीतून बघत तो हळू आवाजात सांगत होता: मान बघ, छातीत कशी मिसळलीय, पोट बघ, लोंबतंय, पाठ मध्ये दबलीय, हा नर वयात आलेला आहे. शेजारी उभा होता तो लांब पायांचा, सडपातळ, शिंगं मात्र डौलदार. त्याला हात लावायचा नाही, तो अजून लहान आहे. वय असं अंगावरून वाचायचं, शिंगांवरून नाही, हे मला त्या एका सकाळी कळलं. शिवाय 'थांब, पूर्ण आडवं उभं राहू दे' हे सांगणारं माणूस शेजारी असणं नवशिक्यासाठी फार मोलाचं. घाईत झाडलेली गोळी जनावराला जखमी करते, आणि जखमी हरीण झुडपात हरवणं याहून वाईट काही नाही.

गाईडची उणीव वेगळी. दोन-तीन दिवस ठरलेले असतात, त्यात वारा फिरला किंवा उष्मा वाढला तरी दिवस तेच. एका ठिकाणी तर शेवटच्या संध्याकाळी मला पसंत नसलेल्या नरावर गोळी झाडण्याचा आग्रह झाला. मी नाही म्हटलं. आणखी एक: मोठ्या शिंगांची हमी देणाऱ्या बऱ्याच रँचला आठ फुटी कुंपण असतं, म्हणजे हरीण बाहेर पडूच शकत नाही. कायद्याने ते चालतं, पण मला ते पटत नाही. बुक करण्याआधी कुंपणाची उंची स्पष्ट विचारा.

आता लीज. इथे हरीण विकत मिळत नाही, जमिनीची वर्षभराची जबाबदारी मिळते. माझा वाटा दोन हजार डॉलरच्या आसपास पडला. त्यावर विमा, पेट्रोल आणि मका. फीडर पहाटे आणि संध्याकाळी टायमरवर मका उडवतो, आणि पन्नास पौंडांची पोती बघता बघता संपतात. रानडुकरं फीडरच्या पायांना अंग घासून तो आडवा पाडतात, म्हणून भोवती जाळी ठोकावी लागली. ऑगस्टमध्ये ब्लाइंडचं दार उघडलं तर छताला गांधीलमाश्यांची पोळी लटकलेली. कडक उन्हात ते साफ करायचं, खिडक्यांसमोरच्या मेस्किटच्या फांद्या छाटायच्या, जनावरांची ये-जा टिपणाऱ्या कॅमेऱ्याची कार्डं बदलायची. आणि एवढं करून नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मोसम उघडला तेव्हा हरणं मक्याकडे फिरकेनात, कारण ओकखाली यंदा फळांचा सडा पडला होता.

पण ती कुठे जातात हे मला माहीत होतं. उन्हाळाभर पायी फिरल्यामुळे ओढ्याकाठची पायवाट, कुंपणाखालून सरपटल्याने तारेला अडकलेले केस, झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याच्या खुणा, सगळं पाठ झालेलं. उत्तरेचा वारा असेल तेव्हा ओढ्याच्या दक्षिणेला बसायचं, एवढं ठरलं आणि मादी मिळाली. हे ज्ञान गाईडकडे असतं. लीजवर ते आपलं होतं, आणि त्याचीच किंमत आपण मोजतो. फेब्रुवारी ते ऑक्टोबर या महिन्यांत जमिनीवर जायची ओढ नसेल, तर लीज घेऊ नका. किलोमागे मांसाचा हिशेब मांडला तर गाईडबरोबरची मादीची शिकारच स्वस्त पडते.

मांसाचा विषय निघालाच आहे. इथला नोव्हेंबर कित्येकदा कडक उन्हाचा असतो. गाईडच्या कॅम्पवर सोलायला हुक आणि शीतगृह तयार असतं. लीजवर बर्फाने भरलेल्या पेट्या गाडीत असल्याशिवाय बंदूक बाहेर काढू नये. मांसाला चरबी जवळपास नसते, त्यामुळे मटणासारखं शिजवलं तर कोरडं होतं; आमच्याकडे खिमा आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा हेच सर्वांत जमलं.

एका बाबतीत मात्र मी गाईडच निवडेन: चितळ. ताडोब्यात दिसतं तेच चितळ 1932 मध्ये टेक्सासात आणलं गेलं आणि आज मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, हिल कंट्रीत, मोकळं फिरतं. भारतात त्याच्या शिकारीला बंदी आहे. इथे ते बाहेरून आलेलं जनावर असल्यामुळे त्याला बंद मोसम नाही. त्यांचे कळप एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर भटकतात, आमच्या जमिनीवर ते कधी येतील याचा नेम नाही. ज्याला रोजचा ठावठिकाणा माहीत आहे अशा माणसाबरोबर जाणंच शहाणपणाचं.

आम्ही लीज पुढच्या वर्षासाठी चालू ठेवली आहे. या वेळी करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या: बंदुका, म्हणजे शिकारी, चारच राहतील (पाचवा भागीदार मालक परस्पर घालणार नाही), गुरं कोणत्या महिन्यांत चरायला सोडणार हे आधी कळेल, आणि पाहुण्यांना मासेमारीसाठी आणता येईल, शिकारीसाठी नाही. घेणार असाल तर पंचाहत्तर एकरांमागे एकाहून जास्त बंदूक असेल तिथे मी तरी पैसे गुंतवणार नाही. शेजारच्या रँचवर किती जण शिकार करतात तेही विचारा, कारण हरीण कुंपण जुमानत नाही.