निळा उजेड आणि हिरवं पाणी

तीस वर्षं मी इंदूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण माशांच्या हौदाला फिल्टर बसवताना मला ज्या ज्या गोष्टीत फसवलं ती जवळजवळ प्रत्येक गोष्ट सातवी-आठवीच्या पुस्तकातली होती.

रामबागेतल्या आमच्या घरामागे सासऱ्यांनी बांधलेला सिमेंटचा हौद आहे. नर्मदेचं पाणी 1978 मध्ये इंदूरला आलं, हा त्याआधीच्या टंचाईतला. नंतर त्यात पालापाचोळा आणि नातवाचे हरवलेले चेंडू साठत गेले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो घासूनपुसून घेतला, सहा कोई, म्हणजे रंगीत जपानी मासे, आणि दहा गोल्डफिश सोडले. पंधरा दिवसांत पाणी मुगाच्या कढणासारखं झालं. मासे आहेत हे फक्त दाणे टाकल्यावर कळायचं.

मग एका दुकानदाराला बोलावलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस बोलायला लाघवी. हौदाभोवती चार पावलं टाकून म्हणाला, “सात हजार लीटर तो होगा ही, मॅडम.” मी मान डोलावली. टेप घरात होती. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, अडीच फूट पाणी, म्हणजे 150 घनफूट. घनफुटाला 28.3 लिटर धरले तर सव्वाचार हजार. हा गुणाकार मी जूनमध्ये केला, मार्चमध्ये नाही. सात हजारांच्या हिशेबाने मोठा संच गळ्यात पडला आणि औषधाची मात्राही त्याच हिशेबाने ठरली. हे दुसरं मला जास्त महाग पडलं.

संचात पंप, स्पंजाचा डबा, अमोनिया शोषणाऱ्या झिओलाइट खड्यांची पिशवी आणि यूव्ही (अतिनील) दिवा, मिळून साडेसोळा हजार. “पक्का बिल लेंगे तो जीएसटी लगेगा.” नको म्हटलं. वर महिना सातशे रुपयांचा देखभालीचा करार. यूव्ही दिवा त्याने डब्यातून काढून लावून दाखवला. दोघांच्या चेहऱ्यावर निळाशार उजेड पडला. “देखिए, क्या रोशनी है!” मी कौतुकाने बघतच राहिले.

तिथेच शंका यायला हवी होती. पाण्यातलं तरंगतं शेवाळ मारणारा यूव्ही-सी किरण 254 नॅनोमीटरचा असतो आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. खऱ्या दिव्यातून जो फिकट निळा उजेड दिसतो, तो बरोबर आलेला. त्याची नळी पारदर्शक क्वार्ट्‌झची असते, कारण साधी काच हे किरण अडवते. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं, डोळ्यांना आणि कातडीला इजा होते. जो विक्रेता यूव्ही दिवा तुमच्या तोंडासमोर धरून मिरवतो, त्याच्याकडचा दिवा यूव्ही नसणार. आमचा पुढे गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने उघडला. निळ्या प्लास्टिकच्या नळीत साध्या एलईडीची पट्टी चिकटवलेली होती. दुकानात लटकवतात तसली.

करारातला मुलगा दर रविवारी यायचा. गुणी पोरगा, त्याला दोष देत नाही. स्पंज काढायचा, नळाखाली धरायचा आणि पिळून पिळून पांढरा शुभ्र करून परत लावायचा. आम्ही 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेणाऱ्या गावात राहतो. चकाचक म्हटलं की आम्ही खूश. मी त्याला चहा द्यायचे.

पण फिल्टरचं खरं काम त्या स्पंजावरचे जिवाणू करतात. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि त्या पिळण्याने दर रविवारी त्यांची वस्ती उठायची. अमोनिया पाण्यातच राहायचा आणि शेवाळाला आयतं खत मिळायचं. पाणी हिरवंच राहायचं, म्हणून औषधाची बाटली यायची, साडेसहाशेची. अशा तीन बाटल्या घेतल्या. ज्याने पाणी स्वच्छ करायचे पैसे घेतले, त्याचा धंदा पाणी हिरवं राहण्यावर चालला होता. मालकाला हे ठाऊक नव्हतं, असं मला वाटत नाही.

तिसरी बाटली जूनच्या पहिल्या आठवड्यात ओतली. द्रव सुंदर निळा, लेबलवर घटकांचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी तळाशी गोगलगायी मरून पडलेल्या दिसल्या. मी म्हटलं, उन्हाळा आहे. तिसऱ्या दिवशी पाणी तपकिरी झालं आणि मला आनंद झाला, शेवाळ मेलं म्हणून. चौथ्या दिवशी पहाटे पाचला उठले तर सगळे मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि पहाटे तो आधीच सगळ्यात कमी असतो. मी बादलीने हौदातलंच पाणी उंचावरून ओतत राहिले, उजाडेपर्यंत. तीन कोई गेले. त्यात पाठीवर नारिंगी ठिपका असलेला होता. तो हातातून दाणे घ्यायचा.

त्या दिवशी दुपारी माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. बाटलीच्या तळाशी राहिलेला द्रव काचेच्या पेल्यात घेतला, पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा त्यात टाकला. थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर चढला. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार! हाच प्रयोग मी किती वर्गांना दाखवला असेल. तांबं शेवाळ मारतं हे खरं, पण गोगलगायींना ते विष आहे, माशांना मात्रा चुकली की विष. आमची मात्रा दीडपटीहून जास्त होती. मग झिओलाइटच्या पांढऱ्या खड्यांवर लिंबू पिळलं. फेस आला, म्हणजे संगमरवराची खडी. शेवटी वीस लिटरची बादली पंपाच्या तोटीखाली लावून घड्याळ पाहिलं. 48 सेकंद लागले, म्हणजे तासाला 1500 लिटर. डब्यावर छापलेलं होतं 5000. तो आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो आणि उंचीबरोबर घटतो, हे मान्य. पण आमची तोटी पाण्यापासून जेमतेम हातभर वर. हौदाचं सगळं पाणी तासा-दोन तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं, इथे जवळजवळ तीन तास लागत होते.

पाणी रोज थोडं थोडं बदललं, क्लोरीन उडावा म्हणून आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलेलं. पंप नवा घेतला. स्पंज आता हौदातल्याच पाण्याच्या बादलीत हलकेच खळबळते, तेही धार मंदावली तरच. काळा दिसला तरी दिसू दे. निम्म्या पाण्यावर कमळाची पानं आणि जलकुंभी आहे, दाणे एकदाच आणि पाच मिनिटांत संपतील एवढेच. आधी मी उरलेले पोहेसुद्धा टाकायचे, ती चूक माझी. सात आठवड्यांनी तळाशी नातवाने टाकलेलं रुपयाचं नाणं दिसलं. भिंतीवर हिरवी लव आहे, ती राहू दिली.

दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत नाही. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयच्या नोंदी आणि त्याचे व्हॉट्सॅपवरचे “सात हजार लीटर” हे शब्द होते. तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

तो निळा दिवा कपाटात पिशवीत बांधून ठेवलाय. गणपतीच्या आरासीला छान दिसेल म्हणून नातू मागत होता. पुरावा आहे, दिला नाही.