ब्राऊन खटला की माँटगोमेरीचा बहिष्कार?

भाचीला प्रकल्पासाठी विषय निवडायचाय: अमेरिकेतला १९५४ चा शाळांचा ब्राऊन खटला (ज्यात गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या) घ्यावा की अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध केलेला बसबहिष्कार?

किंमत कोणी मोजली, ते आधी बघ. खटल्याचा भार थर्गूड मार्शल यांच्यासारख्या वकिलांवर आणि फिर्यादी कुटुंबांवर होता. बहिष्काराचा भार अख्ख्या काळ्या वस्तीवर पडला. तिथल्या प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रकं छापली आणि ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस घरकाम करणाऱ्या बायका पायी किंवा चर्चच्या गाड्यांतून कामाला गेल्या. बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तरी कोणी मागे हटलं नाही.

टिकाऊपणात ब्राऊन वरचढ, कारण निकाल देशभर लागू होता. अंमलबजावणी मात्र रखडली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून १९५९ पासून पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या. काळ्या मुलांची ती वर्षं कोण भरून देणार? आजही संताप येतो.

राज्यघटना आणि कायदा समजून घ्यायचा तर ब्राऊन. सामान्य माणसं एकजूट कशी टिकवतात हे पाहायचं तर माँटगोमेरी. तुझा ओढा माणसांकडे आहे, तेव्हा माँटगोमेरीच घे. फक्त माँटगोमेरीच्या बसभेदभावाविरुद्धचा ब्राउडर खटला गाळू नकोस. तिथला बसमधला भेदभाव शेवटी त्याच निकालाने रद्द झाला.