आठ महिने वापरलेलं गेमिंग व्हील आणि पावसातला नाकाजिमा

स्टिअरिंग व्हील आणि पेडलचा सेट घेऊन आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पेडल गुळगुळीत फरशीवर टिकत नाहीत. ब्रेक जोरात दाबला की अख्खी फळी भिंतीकडे पळते. शेवटी खाली रबरी पायपुसणं घातलं आणि मागे आईचा दगडी पाटा टेकवला. (तेव्हापासून चटणी मिक्सरची.) चौथ्या महिन्यापासून ब्रेक कुरकुरतो, तेल घालूनही फरक नाही. व्हील मात्र झकास. टायरची पकड सुटायच्या आधी हातातलं वजन हलकं होतं, तो इशारा आता कळतो.

तो कळायला गेममधल्या ओल्या सुझुकावर (जपानमधला रेस ट्रॅक) तीन महिने गिरक्या खाल्ल्या, आणि जपानी रेसर सातोरू नाकाजिमाबद्दलचं माझं मत तिथेच बदललं. जपानी फॉर्म्युला टूचा पाच वेळचा विजेता, पण फॉर्म्युला वनमध्ये आला १९८७ ला, वयाच्या ३४ व्या वर्षी. लोटस टीममध्ये सोबतीला कोण, तर ब्राझीलचा दिग्गज आयर्टन सेना! इंजिन होंडाचं म्हणून ड्रायव्हरही होंडाचा, असं मीही म्हणायचो. एकूण १६ गुण, पोडियम (म्हणजे पहिल्या तिघांत नंबर) एकही नाही.

पण १९८९ ची ऑस्ट्रेलियातली अ‍ॅडलेडची शर्यत बघा. लोटसकडे तेव्हा होंडा नव्हतं, जड (Judd) नावाच्या कंपनीचं इंजिन होतं; त्याच वर्षी बेल्जियममध्ये त्यांच्या दोन्ही गाड्या शर्यतीला पात्रसुद्धा ठरल्या नव्हत्या. नाकाजिमा २३ व्या जागेवरून सुटला. पाऊस असा की जगज्जेता ड्रायव्हर प्रोस्ट पहिल्या फेरीनंतरच बाजूला झाला. पाण्याच्या फवाऱ्यात सेनाला पुढची ब्रॅबम टीमची गाडी दिसलीच नाही, तो मागून आदळला. नाकाजिमा चौथा आला, शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच. इंजिनाची ताकद पाण्यात पूर्ण वापरताच येत नाही. तिथे पाय किती हळू उचलता येतो हेच चालतं. माझा पाय अजून धसमुसळा आहे. गेममध्ये तो फवारा तितका आंधळा करत नाही, तरी मी दुसऱ्याच वळणावर वाळूत.

१९९१ च्या शेवटी नाकाजिमा टिरेल टीममधून निवृत्त झाला आणि स्वतःच्या टीमकडे वळला. आपला भारतीय रेसर नारायण कार्तिकेयन २०१९ मध्ये जपानमधल्या फुजी ट्रॅकवर सुपर जीटी (जपानची मालिका) आणि डीटीएमची (जर्मनीची मालिका) एकत्र शर्यत जिंकला, ती याच टीमच्या होंडा एनएसएक्स गाडीतून.

व्हील घ्यायचं असेल तर घ्या, पण पेडलसाठी पक्का स्टँड आधी बघा. पाटा सगळ्यांच्या घरी नसतो.