ठोसेघर की भांबवलीचा वजराई? साताऱ्याहून निघण्यापूर्वी

साताऱ्याहून पावसाळ्यात एका दिवसात धबधबा पाहून परत यायचे असेल, तर निवड बहुधा ठोसेघर आणि भांबवलीचा वजराई या दोहोंत होते. अंतरात फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणे शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहेत. पण ठोसेघरची वाट सज्जनगडाच्या बाजूने जाते आणि भांबवलीची यवतेश्वर घाट चढून कासच्या पठारावरून, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठोसेघरला तारळी नदीचे पाणी खोल दरीत कोसळते. वाहनतळापासून झाडीतून जाणारी पायवाट आणि पायऱ्या उतरल्या की समोरच्या कड्यावर कठडे घातलेला सज्जा येतो आणि तिथून धबधब्याचे संपूर्ण दर्शन घडते. चालणे थोडे आहे, वाट बांधीव आहे आणि दरीच्या कडेला आडोसा आहे. म्हणून सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुले असतील, तर दुसरा विचार करण्याचे कारण नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र परतीच्या पायऱ्यांसाठी वेळ राखून ठेवावा. एसटीने जाणाऱ्यांनाही हेच ठिकाण सोयीचे पडते.

वजराईचे तसे नाही. उरमोडी नदीच्या उगमाकडच्या या धबधब्याची उंची ५६० मीटर सांगितली जाते आणि तो एकसंध न पडता तीन टप्प्यांनी उतरतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे; त्यांतले मऊ थर लवकर झिजतात, कठीण थर टिकतात आणि कड्याला अशा पायऱ्या पडतात, हे इथे उघड्या डोळ्यांनी समजते. गावातून धबधब्याकडे जाणारी वाट दाट, ओल्या जंगलातून जाते. ती लांब नाही, पण पावसात चिखल होतो, दगड शेवाळलेले असतात आणि जळवा हमखास लागतात. घोट्याच्या वर येणारे मोजे आणि चांगली पकड असलेले बूट घालावेत, मिठाची पुरचुंडी जवळ ठेवावी. चपला घालून आलेल्यांचे इथे हाल होतात.

निवड करताना धुक्याचा विचार फार थोडे लोक करतात, आणि माझ्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याला जोर असतो, पण ढगही दरीत उतरून बसतात. ठोसेघरला सारा भर समोरच्या दृश्यावर असल्याने दाट धुक्यात नुसता आवाज ऐकून परतावे लागू शकते. वजराईचा कडाही धुक्यात हरवतो. तरीही दगडांवरचे शेवाळ, झाडांच्या बुंध्यांवर उगवलेली नेची आणि ठिकठिकाणी वाट ओलांडणारे ओहोळ यांमुळे चालणे व्यर्थ जात नाही. ज्यांना जंगल हवे आहे, त्यांनी म्हणूनच भांबवली निवडावी. धबधबा डोळे भरून पाहणे हाच हेतू असेल, तर ठोसेघरला जावे, आणि तेही पावसाची उघडीप पाहून, धुके विरण्याइतका वेळ हाताशी ठेवून.

दोन्हीकडे कठड्यापलीकडे किंवा प्रवाहात उतरू नये. वर डोंगरात पाऊस झाला की खालचे पाणी काही क्षणांत वाढते, मग आपल्या डोक्यावर ऊन का असेना. अतिवृष्टीच्या काळात प्रशासन अशी स्थळे बंद ठेवते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

सप्टेंबरमध्ये भांबवलीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले कासचे पठार तेव्हा फुललेले असते आणि वाट तिथूनच जाते. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते, शिवाय फुले पाहायची असतील तर प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी लवकर निघून आधी वजराई गाठावा आणि परतताना पठारावर थांबावे. शनिवार-रविवारशिवाय सवड नसेल, तर त्या महिन्यात ठोसेघरच पत्करावे.